खाड्यांची वही

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षाने आम्हा दोघींकडे एक कागद पाठवला. त्यावर इंग्रजीत पाच प्रश्न होते आणि खाली पेन्सिलीने ‘कृपया मराठी करून द्यावे’ अशी विनंती. आम्ही दोघी मराठीच्या प्राध्यापिका. एक लोकसाहित्य शिकवते, दुसरी दलित आत्मकथने. परिपत्रकापासून स्मरणिकेतील श्रद्धांजलीपर्यंत महाविद्यालयाला लागणारे सगळे ‘शुद्ध मराठी’ आमच्याच टेबलावरून जाते. त्यामुळे ही पाच वाक्ये मधल्या सुट्टीत, चहा निवायच्या आत होतील असे आम्हाला वाटले. त्यांना सात आठवडे लागले.

प्रश्न आहारविकारांविषयीचे होते. मॉर्गन, रीड आणि लेसी या तिघांनी ते १९९९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील पाच शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘स्कॉफ’ असे त्यांचे नाव झाले आहे. गंमत अशी की इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ होतात: अधाशासारखे गिळणे आणि कुचेष्टा करणे. पोट नको इतके भरले म्हणून मुद्दाम ओकता का; आपण किती खातो यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का; तीन महिन्यांत एक स्टोनहून, म्हणजे सहा किलोंहून काहीसे अधिक वजन उतरले आहे का; इतर लोक बारीक म्हणत असताना तुम्हाला आपण लठ्ठ आहोत असे वाटते का; आणि अन्नाने तुमचे आयुष्य व्यापले आहे असे म्हणाल का. दोन प्रश्नांना ‘होय’ आले तर त्या विद्यार्थ्याची नीट वैद्यकीय तपासणी करावी, एवढाच या प्रश्नांचा उपयोग. निदान त्यांतून होत नाही.

ढोबळ अर्थ पहिल्याच दिवशी लिहून झाला. मग दुसऱ्या प्रश्नापाशी आमच्यापैकी एकीने पेन खाली ठेवले आणि म्हणाली, “तिनं याचं उत्तर काय दिलं असतं गं?” ‘ती’ कोण, हे दुसरीला विचारावे लागले नाही.

२०१४ च्या पावसाळ्यात ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आमचा तालुका दुष्काळी पट्ट्यातला. तिचे घर तालुक्याच्या गावापासून एस.टी.ने दीड तासावरच्या वस्तीवर. घरातून महाविद्यालयापर्यंत आलेली ती पहिलीच. अक्षर वळणदार, टिपणे नेटकी, बसायची पहिल्या बाकावर. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी तिने श्रावणातल्या कहाण्या हा विषय घेतला आणि आजीकडून, शेजारणींकडून ऐकलेले पाठभेद उतरवून आणले. छापील पोथीतल्या कहाण्यांहून ते कितीतरी जिवंत होते. प्रकल्पाच्या अखेरीस तिने एक निरीक्षण नोंदवले होते. कहाणीतली बाई नावडती राणी असते, निपुत्रिक सून असते, दरिद्री घरातली बायको असते. तिच्या हाती कशाचीच सत्ता नसते. मग तिला कोणीतरी वसा सांगते, आणि न खाणे ही एक तरी गोष्ट तिच्या मालकीची होते. ती करायला कोणाची परवानगी लागत नाही आणि घरातल्या कोणाला ती मोडताही येत नाही. आम्ही त्याखाली लाल शाईने ‘उत्तम निरीक्षण’ असे लिहिले आणि शंभरापैकी ८२ गुण दिले.

त्या श्रावणात ती सोमवार करत होती. पुढे गुरुवार आला. संकष्टी आणि दोन्ही एकादश्या होत्याच. दिवाळीनंतर शनिवारही आला. आपल्याकडच्या उपासाची थट्टा आपणच करत आलो आहोत. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच पडलेली नाही. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू असा आपला उपास एरवीच्या जेवणाहून जड असतो. तिच्या उपासाला ही थट्टा लागू पडत नव्हती. पहिल्यांदा साबुदाणा पचत नाही म्हणून गेला, मग दाणे पित्त करतात म्हणून गेले, शेवटी कपभर चहा उरला. आम्ही काय केले? वर्गात तिचा दाखला दिला. “हल्लीच्या मुलींमध्ये असा निग्रह दुर्मीळ,” हे वाक्य आमच्यापैकी जिने उच्चारले तिला ते आजही जसेच्या तसे आठवते. दुसरीने त्यावर मान डोलावली होती. म्हणून हे लेखन ‘आम्ही’ या सर्वनामात आहे. सहकारी मैत्रिणी तर तिला थांबवून म्हणत, “किती छान बारीक झालीस गं, आम्हालाही सांग काय करतेस ते!” ती हसून मान खाली घाली.

आमच्याआधी ज्यांना कळले त्या कोणी प्राध्यापिका नव्हत्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलींच्या वसतिगृहाची मेस चालवणाऱ्या काकू एक वही घेऊन विभागात आल्या. खाडा म्हणजे काय हे मेसवर दिवस काढलेल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगायचे तर, आगाऊ कळवून न घेतलेले जेवण. महिनाअखेरीस खाड्यांचे पैसे बिलातून वजा होतात, म्हणून मेसवाले ती वही डोळ्यांत तेल घालून ठेवतात. काकूंनी तिचे पान उघडून आमच्यापुढे ठेवले. महिन्याच्या साठ जेवणांपैकी ऑगस्टात नऊ खाडे, ऑक्टोबरात चोवीस, डिसेंबरात पंचेचाळीस.

“मॅडम, खाड्याचं पैसं मी वजा करते, त्यात माझा तोटा न्हाई. पर ही पोरगी जेवती कुठं?”

आम्ही उपासांचे सांगितले. काकू आमच्याकडे पाहतच राहिल्या. “मीबी उपास करते की मॅडम. उपासाचं माणूस दुसऱ्या दिवशी पानावर लवकर येतं. ही येती ती सगळ्यांच्या शेवटी. स्वतः चतकोर भाकरी कुस्करत बसती आन् दुसरीच्या ताटात वाढताना हिचा हात लई सैल.”

काकूंच्या समाधानासाठी म्हणून आम्ही थोडी चौकशी केली. ग्रंथपालांनी तिचे कार्ड दाखवले. त्या सत्रात तिने कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ तीनदा नेली होती. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. जी मुलगी पाककृतींचे पुस्तक पुन्हा पुन्हा नेते तिचे अन्नावरून मन उडाले असेल कसे? पुढे तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडून कळले की ती रात्री त्यातल्या पाककृती सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून काढत असे, प्रमाणांसकट.

हा उलगडा आम्हाला फार उशिरा झाला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे समजावे म्हणून हे तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. पण वाचताना आमच्या अंगावर काटा आला तो दुसऱ्याच नोंदीने: एरवी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारे हे पुरुष पाककृतींची पुस्तके वाचू लागले, त्या जमवू लागले, गप्पांत आणि स्वप्नांत अन्नच येऊ लागले. म्हणजे तिची ती वही अन्नाच्या ओढीची होती. भूक मेलेली नव्हती, तिला कोंडून ठेवले होते.

जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात श्रमदान करताना ती कोसळली. ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावले, हिमोग्लोबिन पाहिले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि केसपेपरावर ‘अशक्तपणा’ लिहिले. तो शब्द आम्हीही आनंदाने स्वीकारला. त्यात कोणाचाच दोष नव्हता. पाच महिने पाळी आलेली नाही हे तिला कोणी विचारले नाही, आम्हीसुद्धा नाही. दुसऱ्यांदा कोसळली तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. मग कुठे आम्ही तिच्या वडिलांना बोलावून जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो.

इथे थोडे शब्दांविषयी लिहिले पाहिजे, कारण आमचा धंदा तोच आहे आणि आमची चूकही तिथेच झाली.

न खाण्यासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. उपवास, त्याचाच घासून झालेला उपास, एकभुक्त, नक्त, निर्जळी, धरणेपारणे, वैद्यांचे लंघन, सार्वजनिक जीवनातले उपोषण, त्यात पुन्हा आमरण, साखळी आणि लाक्षणिक. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात केलेले उपोषण हा आपल्या अभिमानाचा ठेवा आहे, तसा तो असायलाही हवा. या साऱ्या शब्दांच्या दुसऱ्या टोकाला एकच शब्द आहे: उपासमार. आमच्यापैकी एक त्या टोकाचे वाङ्मय शिकवते. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’ या पुस्तकांत भूक म्हणजे जातीने आणि दारिद्र्याने लादलेली मार असते. तेव्हा आपल्या साहित्यात न खाण्याची दोन घराणी ठरलेली: एक पुण्याचे, एक अन्यायाचे. एकापुढे हात जोडायचे, दुसऱ्यासाठी लढायचे. भरल्या घरातले, स्वतःहून पत्करलेले आणि तरीही स्वतःच्या हातात न राहिलेले न खाणे यांपैकी कुठल्याच घराण्यातले नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. दिसले की आपण त्याला जवळच्या घराण्याचे नाव देऊन मोकळे होतो. आम्ही ‘निग्रह’ म्हटले.

घरगुती बोली मात्र आमच्याहून शहाणी निघाली. ‘अन्नावरची वासना उडणे’, ‘अन्नावर राग काढणे’, ‘अन्नावर रुसणे’, ‘खाल्लेले अंगी न लागणे’ हे वाक्प्रचार आजीच्या तोंडचे. अन्न आणि मन यांच्यात काही तरी बिनसू शकते एवढे त्यांना माहीत आहे. दवाखान्याच्या भाषेचे तसे नाही. ‘अॅनोरेक्सिया’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थच भूक नसणे असा आहे, आणि तो चुकीचा आहे. या रुग्णांना भूक असते. विल्यम गल यांनी लंडनमध्ये हे नाव रूढ केले, त्याच सुमारास, १८७३ मध्ये, पॅरिसमध्ये लासेग यांनी याच विकाराचे वर्णन लिहिले. दीडशे वर्षे झाली, चुकीचे नाव चिकटले ते चिकटलेच. दुसरा विकार ‘बुलिमिया’. खा-खा सुटायची आणि मग ओकून, रेचके घेऊन वा इतर मार्गांनी ते भरून काढायचे, असे त्याचे वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये प्रथम नीट केले. त्या शब्दाचा मूळ अर्थ बैलाची भूक. आपल्याकडे ‘भस्म्या’ आहे, पण तो शिवीसारखा वापरला जातो. ज्या मुलीला भस्म्या झाला म्हणून चारचौघांत हसले, ती पुढे कोणाला काय सांगणार? शिवाय बुलिमियाच्या रुग्णाचे वजन बहुधा इतरांसारखेच असते. पाहून काही कळत नाही. आमच्या वर्गात तशाही मुली बसून गेल्या असतील, आणि आम्ही त्यांना ओळखलेले नाही.

मुलग्यांचा उल्लेख आम्ही ओझरताच करतो, कारण त्यांच्या जगात आमचा वावर कमी. पण पोलीस भरतीसाठी धावणारी, वजनगटात बसण्यासाठी कुस्तीआधी पाणी तोडणारी, तालमीतून जिममध्ये गेलेली आणि पावडरीच्या डब्यावर जेवण भागवणारी मुले आमच्याही महाविद्यालयात आहेत. मुलगा जेवला नाही की घरात त्याला ‘डाएट’ म्हणतात, मुलगी जेवली नाही की ‘उपास’.

जिल्ह्याच्या त्या डॉक्टरांनी तिला विचारले होते, “जाड होण्याची भीती वाटते का?” ती म्हणाली, “नाही. पोट फुगतं. जेवलं की घाण वाटतं. रिकामं असलं की स्वच्छ वाटतं.” डॉक्टरांनी ते उत्तर पुन्हा विचारून जसेच्या तसे लिहून घेतले. बाहेर आम्हाला ते म्हणाले की पुस्तकातल्या रुग्णाला लठ्ठपणाची धास्ती असते, आपल्याकडे पुष्कळदा नसते. पुढे आम्हाला कळले की हाँगकाँगमधले मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी हीच गोष्ट १९९० च्या दशकात मांडली होती. त्यांच्या चिनी रुग्णांपैकी बऱ्याच जणी पोट फुगते, भूक नाही असे सांगत. जाड होण्याचे नाव काढत नसत. याच्या नेमकी उलट कथा फिजी बेटांवरची आहे. तिथे अंगाने भरलेली बाई सुंदर मानली जाई. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात टेलिव्हिजन आले, आणि अॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली तेव्हा वजनासाठी ओकणारी एकही मुलगी सापडली नाही. १९९८ मध्ये अशा मुली शंभरात अकरा होत्या. आमच्या आजच्या विद्यार्थिनींच्या हातात फोन आहे, डोक्यात दोन्ही आहेत: पडद्यावरची कंबर आणि घरातला वसा. कोणती कशाच्या आड लपली आहे हे सांगणे आता आणखी अवघड झाले आहे. ‘बघायला येणार आहेत, दोन-चार किलो उतरव’ हा घरचा सल्ला तर दोहोंतही चपखल बसतो.

वाङ्मयाच्या शिक्षकांना आणखी एक खोड असते. दुखणे दिसले की आपण रूपक शोधतो. काफ्काची १९२२ सालची उपासकलावंताची कथा आम्ही दोघींनी तौलनिक साहित्याच्या तासाला कितीदा तरी शिकवली आहे. तो पिंजऱ्यात बसून उपास दाखवतो आणि मरताना सांगतो की आपल्याला आवडेल असे अन्न कधी सापडलेच नाही, सापडले असते तर पोटभर जेवलो असतो. कलावंताचे एकाकीपण, आधुनिक माणसाची तहान, असे सगळे आम्ही फळ्यावर लिहिले. हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’ २००७ ची; तिच्यातली बाई आधी मांस आणि मग सगळेच अन्न सोडते, तिचे वडील तिच्या तोंडात मांस कोंबतात. पितृसत्तेविरुद्धचा नकार म्हणून तिच्यावर चर्चासत्रांत निबंध वाचले जातात. ते वाचन खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या विद्यार्थिनीचे कहाण्यांविषयीचे निरीक्षणही खोटे नव्हते. पण ते निरीक्षण लिहिणाऱ्या हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, आणि आम्ही वाक्य पाहिले. सिएनाची संत कॅथरीन उपासांनी खंगून १३८० मध्ये तेहेतिसाव्या वर्षी वारली. रुडॉल्फ बेल यांनी १९८५ मध्ये अशा संतस्त्रियांच्या उपासांना ‘पवित्र अॅनोरेक्सिया’ म्हटले. दोन वर्षांनी कॅरोलाइन बायनम यांनी बजावले की मध्ययुगातल्या बायकांना आजचे निदान चिकटवू नका, त्यांच्या जगात अन्नाचा अर्थ वेगळा होता. बायनम यांचे म्हणणे आम्हाला पटते. फक्त आमची विद्यार्थिनी मध्ययुगातली नव्हती.

तिला दवाखान्यात ठेवले तेव्हा वस्तीवरून आजी आली होती. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, “बाई, बहात्तरच्या दुष्काळात आमी मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. खडी फोडायला जायचो. पोटाला न्हवतं म्हणून न्हाई जेवलो. हिला हाय तर जेवंना. ह्याला काय म्हनावं?” तिच्या प्रश्नाला आमच्याकडे शब्द नव्हता. वडिलांना लाज वाटत होती. “आमच्या घरात अन्नाला कमी नाही, मॅडम,” हे ते डॉक्टरांना, परिचारिकेला, आम्हाला, पुन्हा पुन्हा सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी ते घरून तुपातला शिरा घेऊन आले, तो डॉक्टरांनी परत पाठवला. फार काळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपेट घातले तर रक्तातले फॉस्फरस आणि इतर क्षार झपाट्याने उतरतात आणि हृदय बंद पडू शकते. अन्न मापाने, रक्त तपासत, दिवसांदिवसांनी वाढवावे लागते. ‘दोन घास बळेच भरवले की झाले’ हा आपला ठाम समज. त्यात जीवच जाऊ शकतो. मनोविकारांत सर्वाधिक मृत्यू ज्यांत होतात अशा विकारांपैकी अॅनोरेक्सिया एक आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले, पंधरा वर्षे मुली शिकवल्यानंतर.

ती वाचली. उपचार दीड वर्ष चालले. जेवणाची जबाबदारी डॉक्टरांनी काही महिने पूर्णपणे आईवडिलांवर सोपवली होती, आणि त्या दोघांनी शेतीची कामे वाटून घेऊन आळीपाळीने तिच्या पानाजवळ बसण्याचे काम केले. मधल्या काळात दोनदा घसरण झाली. पदवी दोन वर्षे उशिरा मिळाली. आज ती एका पतसंस्थेत नोकरी करते. सगळे ठीक आहे असे ती म्हणत नाही. “बरी आहे” म्हणते.

तिलाच आम्ही तो कागद दाखवायचे ठरवले. विचारावे की नाही यावर आमचे दोघींचे आठवडाभर पटले नाही. शेवटी फोन केला तर ती शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. डबा घेऊन आली होती आणि तो आमच्यासमोर बसून खाल्ला. आम्ही तिच्या डब्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होतो, ते तिच्या लक्षात आले. “बघा मॅडम, चालतं,” म्हणाली.

मग तिने पेन्सिल घेतली. पहिल्या प्रश्नातला ‘मुद्दाम’ तिने खोडला. “मुद्दाम म्हटलं की चोरी वाटते. सगळ्या ‘नाही’च लिहितील.” ‘ओकणे’ठेवावे, ‘वमन’ नको, कारण वमन म्हटले की ते पंचकर्म होते आणि त्याला पैसे मोजतात. दुसऱ्या प्रश्नावर ती बराच वेळ थांबली. “ताबा सुटल्याची काळजी? मला तर ताबा मिळाल्याचा आनंद होता. पहिल्यांदाच काहीतरी माझ्या ताब्यात आलं होतं. काळजी होती ती सुटेल याची.” जिभेवर ताबा हा ज्या भाषेत गुण आहे त्या भाषेत हा प्रश्न अर्ध्याच रुग्णांना लागू पडतो, हे आमच्या तोवर ध्यानात आले नव्हते. तिसऱ्यासाठी तिने आम्हाला विचारले, “हॉस्टेलला वजनकाटा होता का?” नव्हता. मुलींना वजन कळते ते ब्लाऊजच्या शिवणीवरून, बोटातून निसटणाऱ्या अंगठीवरून, सलवारीला लावाव्या लागणाऱ्या पिनेवरून. चौथ्यापुढे तिने फक्त ‘मी: नाही’ असे लिहिले. पाचव्यावर आम्हीच अडलो होतो. अन्नाला ब्रह्म म्हणणारी पाटी प्रत्येक खाणावळीत असते आणि शेतकऱ्याच्या घरात पेरणीपासून मळणीपर्यंत अन्नाने आयुष्य व्यापलेलेच असते. तिथे ‘होय’ म्हणणे आजार कसा ठरणार? तिने समासात लिहिले: वाचताना, झोपताना, कोणाशी बोलताना, काय खाल्ले आणि काय टाळायचे याचा हिशोब डोक्यात चालू राहतो का?

जाताना ती म्हणाली, “काकूंची वही कुठं असेल हो?”

काकूंनी २०२० च्या टाळेबंदीत मेस बंद केली ती कायमची. आता वसतिगृहात ठेकेदार आहे. महिन्याचे पैसे आगाऊ घेतो. जेवा अथवा नका जेवू, रक्कम तीच. खाडे धरण्याची पद्धत त्यामुळे संपली, आणि वहीही संपली.

आम्ही पाच प्रश्न तिच्या दुरुस्त्यांसह लिहून काढले आणि खाली सहावा घातला: गेल्या महिन्यात तुमची किती जेवणे चुकली, आणि ती चुकली हे कोणाच्या लक्षात आले? कागद कक्षाकडे गेला. आठ दिवसांनी परत आला. प्रश्नावली प्रमाणित असल्याने तिच्यात फेरफार करता येत नाही, मुळाबरहुकूम भाषांतर द्यावे, असा शेरा होता. शेरा चुकीचा नाही. परीक्षा घेऊन ठरवलेल्या प्रश्नांचे शब्द असे मनाला येईल तसे बदलले तर उत्तरांना अर्थ उरत नाही, हे आम्हाला समजते. आम्ही मुळाबरहुकूम पाच वाक्ये लिहून दिली. ती आता कक्षाच्या दारावर लावलेली आहेत, खाली शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. सहाव्या प्रश्नाचा कागद आमच्या खणात आहे. यंदाच्या जूनपासून आम्ही दोघी आळीपाळीने मंगळवारी आणि शुक्रवारी वसतिगृहाच्या मेसवर जेवायला जातो. ठेकेदाराला वाटते आम्ही स्वयंपाकाची तपासणी करायला येतो. त्या दिवशी आमटी जरा दाट असते.